भाड्याचं घर, खिळा ठोकायचा नाही, पावसाळा तोंडावर : कमी खर्चात घर कसं सजवू?

ऐरोलीची_स | २ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही ऐरोलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायला आलो. घर उजेडाचं आहे, खिडकीतून खाडीकडचं वारं येतं. पण भिंती अगदी उघड्याबोडक्या आहेत. संध्याकाळी दमूनभागून आलं की घरी आल्यासारखं वाटत नाही, लॉजवर उतरल्यासारखं वाटतं. हे मला मनापासून बदलायचंय.

डिपॉझिट आणि टेम्पोत शिल्लक संपली, त्यामुळे बजेट सगळं मिळून दीड हजार. घरमालकांनी करारातच घातलंय की नवा खिळा नाही, रंग नाही. हॉलच्या एका भिंतीवर आधीच्या लोकांचे दोन खिळे आहेत, तेवढेच माझे.

आणि खरी भीती पावसाची. आधी कळव्याला राहत होतो, तिथे मी बाटल्यांना सुतळी गुंडाळून दिवे केले होते, पुठ्ठ्याच्या फ्रेमा केल्या होत्या. रात्री जागून, हौसेनं. जुलैत सुतळीवर हिरवट बुरशी आली, घरभर कुबट वास. फ्रेमा फुगून वाकड्या झाल्या. सगळं एका पिशवीत भरून कचऱ्यात टाकलं, तेव्हा रडूच आलं होतं. मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात ते कोरड्या हवेतल्या घरांचे असतात. मला जून ते सप्टेंबर आपल्या हवेत टिकेल असं काही सांगा.

घरात काय आहे : लोणच्याच्या सात-आठ काचेच्या बरण्या, दोन जुन्या सुती साड्या, रद्दी भरपूर, आणि आजीचं एक इरकल लुगडं. त्याला हात लावायचा की नाही, तेही कळत नाही.

---

खारेगाव_कट्टा | २ जून, रात्री ११.२५

सगळ्यात आधी भिंत ओळखा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंतींवर झोडपतो. जुन्या इमारतीत त्याच भिंतींना ओल येते, पोपडे धरतात. कागद, कापड, लाकूड, काहीही त्या भिंतीला लावू नका. दोन खोल्यांच्या मधली भिंत सगळ्यात कोरडी. तुमचे दोन खिळे कुठल्या भिंतीवर आहेत ते बघा.

दुसरं, वस्तू भिंतीला चिकटून बसली की मागे हवा खेळत नाही आणि बुरशी नेमकी तिथून सुरू होते. मी प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या कापून चिकटवतो. अर्धा इंच फट राहते. तेवढ्यानं माझ्या वडिलांचा फोटो सहा पावसाळे स्वच्छ राहिलाय. आधीच्या फ्रेममध्ये तो डागाळला होता, म्हणून हे शोधून काढावं लागलं.

चिकटवायचे हुक टाइलवर, काचेवर, सनमायकावर छान बसतात. डिस्टेंपरवर लावू नका. काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. माझे कापले गेलेत.

पांढरा गोंद वापरलात तर त्यावर वॉर्निशचा हात हवाच. तो पाण्यात मिसळणारा गोंद आहे, दमट हवेत मऊ पडतो.

---

घोडबंदर_गाव | ३ जून, सकाळी ७.५०

बरण्यांचं उत्तर सोपं आहे. शेजाऱ्यांकडून मनीप्लँटची चार डहाळी मागून आणा, पाण्यात ठेवा, स्वयंपाकघराच्या खिडकीत रांगेनं मांडा. खर्च शून्य, ओलीची भीती नाही. फक्त दर आठवड्याला पाणी बदला आणि बरणी आतून घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो. आठवड्याचा नेम चुकवू नका.

---

नेरूळची_मावशी | ३ जून, दुपारी २.१५

अगं, रद्दी आहे ना भरपूर? मग लगद्याच्या टोपल्या कर. आमच्या सासूबाई दर उन्हाळ्यात करायच्या. त्यांनी केलेली एक परडी अजून माझ्या देवघरात आहे, फुलं ठेवायला. मृग लागायला चार दिवस आहेत, ऊन आहे तोवर उरकून घे. पावसात हे काम होत नाही.

वर्तमानपत्राची वीसेक पानं बारीक फाडून रात्रभर भिजत घाल. गुळगुळीत रंगीत मासिकाची पानं नको, ती नीट भिजत नाहीत. वेगळ्या वाटीत मूठभर मेथीदाणे भिजव. सकाळी कागद पिळून, कुटून घे. जुन्या मिक्सरच्या भांड्यात थोडा थोडा फिरवलास तरी चालेल, एकदम भरलास तर मोटर जळेल. मेथी गंधासारखी बारीक वाट. मग दोन्ही एकत्र करून कणकेसारखं मळ. मेथी चिकट होते, तोच गोंद. सासूबाई म्हणायच्या, कडू आहे म्हणून कसर लागत नाही. घरात मुलतानी माती असेल तर दोन चमचे घाल, पृष्ठभाग गुळगुळीत येतो.

स्टीलचं पातेलं पालथं घाल, त्यावर ओलं फडकं पसर आणि लगदा थापत जा. भाकरी थापतो तसा, मधून कडेला. अर्ध्या बोटाएवढा जाड. कड पातळ झाली की तिथेच चीर जाते, म्हणून कडेला थोडा जास्त ठेव. एक दिवस कडक उन्हात ठेवलं की पातेल्यावरून सुटतं. मग आतली बाजू उन्हाला दाखव. वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. टिचकी मारून बघ. टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे. दबका आवाज आला तर पोटात ओल आहे, अजून एक ऊन दे. ओल राहिलेल्या टोपलीवर रंग चढवलास की बुरशी आतून वर येते, तुझ्या फ्रेमांचं बहुतेक तेच झालं असणार.

नंतर गेरू किंवा कुठलाही रंग, वर वॉर्निशचे दोन हात, आतून-बाहेरून आणि बुडालासुद्धा. बूड सगळे विसरतात. किल्ल्या, सुईदोरा, कांदे-लसूण ठेव. ओलं काही ठेवू नकोस.

---

वाशीचा_वाणी | ३ जून, रात्री ९.०५

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात हापूसचा हंगाम संपत आलाय. लाकडी पेट्या आता स्वस्तात मिळतात, ओळखीच्या फळवाल्याकडे एखादी फुकटही मिळेल. हल्ली बराच माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतो, पण लाकडी पेटी अजून बघायला मिळते. दोन पेट्या आडव्या करून एकावर एक ठेवल्या की पुस्तकांचं कपाट तयार. जमिनीवर उभं, भिंतीला हात लावायची गरज नाही.

लाकूड कच्चं असतं, कुसळं निघतात. आधी खरखरीत आणि मग बारीक पॉलिश पेपर मारा. वर आलेले खिळे ठोकून बसवा. दोन दिवस उन्हात टाका. पेटी झटकल्यावर पिठासारखा भुगा पडला तर ती घेऊ नका, आत भुंगा आहे, तो घरातल्या बाकी लाकडालाही लागेल. खाली चार कोपऱ्यांना टाइलचे तुकडे ठेवा म्हणजे लादी पुसताना पाणी लागत नाही.

---

जुईची_आई | ४ जून, सकाळी ११.३०

आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मे महिन्यात तिच्याबरोबर वारली चित्रं केली. जांभळी नाक्याच्या बाजारातून गेरू आणला, सुताराकडून प्लायचे उरलेले तुकडे मागून घेतले. गेरूत थोडा गोंद घालून दोन हात दिले की ती मातीच्या भिंतीसारखी तांबडी पार्श्वभूमी येते.

मूळ चित्रं तांदळाच्या पिठानं काढतात, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करतात. आम्हीही पहिल्यांदा हौसेनं पीठच वापरलं, पण रात्रीतून झुरळांनी चाटून साफ केलं. मग पांढरा ॲक्रिलिक रंग घेतला. हल्ली वारली कलाकारही कापडावर आणि कागदावर तयार पांढरा रंग वापरतात, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही.

एक मात्र मनापासून सांगते. करायला घेतलंत तर आधी थोडं समजून घ्या. वारली लोक आपले शेजारी आहेत. त्यांची मोठी वस्ती असलेला आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. चौकटीत पालघट देवी असते तो लग्नाचा चौक. तो लग्नात बायका विधीनं काढतात, ती त्यांची पूजा आहे. आम्ही तो काढला नाही. जुईनं झाडं, तारपा नाच, शेत आणि आमच्या बिल्डिंगखालची मांजर काढली. जिव्या सोमा मशे यांच्याबद्दलही तिला सांगितलं. लग्नघरातली ही कला त्यांनी कागदावर आणून जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि पुढेमागे पैसे साठले की एक चित्र वारली कलाकाराकडूनच विकत घ्या. आम्ही त्यासाठी डबा ठेवलाय.

---

ऐरोलीची_स | ४ जून, रात्री १०.१०

किती आपुलकीनं लिहिलंत सगळ्यांनी! दोन खिळे आतल्या भिंतीवर आहेत, खारेगाव_कट्टा. बेडरूमच्या बाजूची, कोरडी ठणठणीत.

मावशी, कागद आत्ताच भिजत घातलाय. लुगड्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून पुन्हा विचारते. हिरव्या अंगाचं, लाल पदराचं आहे. घडीवर दोन ठिकाणी विरलंय. काठ मात्र अजून जशाचे तसे. आई म्हणते, कापून कुशनं शिव, नाहीतर ट्रंकेत कुजेल. माझी कात्री चालत नाही.

---

सुईदोरा | ५ जून, दुपारी १२.४५

आईंचं म्हणणं बरोबर आहे. मी पंचवीस वर्षं शिवणकाम करते, किती घरांत बघितलंय, जपून जपून ठेवतात आणि शेवटी घडीवरच तुटलेलं हाती येतं. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की तिथून चिरतं. वापरात आणाल तेव्हाच ते राहील. काठ काढून घ्या, पांढऱ्या सुती कापडाला लावून कुशनची खोळ करा. विरलेला भाग अस्तराला. रोज हात लागेल, आजीची आठवण राहील.

---

नेरूळची_मावशी | ५ जून, दुपारी ४.००

सुईदोरा ताई, तुमचं काम मला माहीत आहे, पण इथे माझं मत वेगळं आहे. कुशनवर रोज पाठ टेकणार, डोक्याचं तेल लागणार, धुवायला पडणार. पाच वर्षांत काठही जाईल. सुती साड्या आहेत की तिच्याकडे कुशनला. लुगडं आख्खं राहू दे. एकदा कापलं की लुगडं राहत नाही, कापड होतं.

---

सुईदोरा | ५ जून, सायंकाळी ६.२०

मावशी, पटलं. आख्खं ठेवून वापरात आणायचं असेल तर टांगा. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यामुळे घड्या पडणारच, पण वजन एका रेषेवर येऊ देऊ नका. पडद्याची जाड काठी घ्या, तिच्यावर जुनी सुती साडी दोन वेढे गुंडाळा, म्हणजे गोलाई मऊ होते आणि काठीचा डाग रेशमाला लागत नाही. मग लुगडं उभ्या चार पदरी घडीत त्यावरून सोडा, पदर पुढे, विरलेला भाग मागच्या बाजूला. टाचणी नको, गोंद तर मुळीच नको, गोंदाचा डाग रेशमावरून जात नाही. काठी दोन खिळ्यांवर. महिन्यातून एकदा काढून झटका आणि थोडं सरकवून पुन्हा घाला, घडी जागा बदलत राहिली पाहिजे. थेट ऊन येत असेल तर ही जागा नको, रंग उडतो.

आणि सुती साड्यांच्या खोळी मात्र नक्की शिवा. मशीन नसेल तर हातानं धावदोरा घाला. गोधडीला घालतो तसा रंगीत दोऱ्याचा, ओळीनं. दोन पदर घेऊन शिवलंत की जुनं कापड चांगलं टिकतं आणि दिसतंही देखणं.

---

ऐरोलीची_स | २१ ऑगस्ट, रात्री ९.३०

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितेय. मुद्दाम थांबले, पाऊस काय करतो ते बघायचं होतं.

लुगडं टांगलंय. पहिल्या दिवशी काठीवरून सोडलं आणि ट्यूबलाइट लावली तर काठावरच्या रेघा चकाकल्या. मी आणि आई बराच वेळ नुसत्या बघत बसलो. आई म्हणाली, हे नेसून आजी ठाण्यात तळ्यावर कोपिनेश्वराच्या देवळात यायची, मला कडेवर घेऊन. हे मला माहीतच नव्हतं. ट्रंकेत असतं तर ही गोष्ट निघालीच नसती. दर महिन्याला झटकून सरकवते. वास नाही, डाग नाही.

तीन टोपल्या केल्या होत्या. दोन टक् वाजल्या, तिसरी घाईत रंगवली. मावशी, तुमचं खरं ठरलं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या बुडाला काळे ठिपके आले. पहिल्या दोन अजून कडक आहेत. आंब्याच्या पेट्या टाइलवर उभ्या आहेत, पुस्तकं त्यातच. मनीप्लँटला नवी पानं फुटली. आत्तापर्यंतचा खर्च १,१४० रुपये, त्यात सगळ्यात महाग वॉर्निश आणि पडद्याची काठी.

उरले ३६०. गणपती आम्ही आईकडेच करतो, पण दिवाळी या घरातली पहिली आहे. घरी कंदील करता येईल का? बाजारातला प्लॅस्टिकचा नको वाटतो.

---

चाळकरी_नौपाडा | २२ ऑगस्ट, सकाळी ८.१५

येईल! लहानपणी आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाचा कंदील घरी व्हायचा. तो सांगाडा अजून माझ्या हातात आहे. नीट सांगतो.

बुरुडाकडून बांबूच्या कामट्या घ्या. वीतभर, म्हणजे ९ इंची, २४ तुकडे. सगळे एका मापाचे. इथे कसूर नको, एक जरी आखूड झाला तरी कंदील कलतो. चार-चार तुकड्यांचे सहा चौकोन दोऱ्यानं बांधा. आता चार चौकोन टोकावर उभे करा, पतंगासारखे, आणि शेजारच्या चौकोनाशी कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पूर्ण करा. त्यांची चार टोकं वर येतात, चार खाली. पाचवा चौकोन वरच्या चार टोकांवर, सहावा खालच्या चार टोकांवर बांधा. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते बघताना मला आजही आनंद होतो. एकही त्रिकोण बांधलेला नसतो आणि आठ उभे राहतात.

या वेळी सांगाडा डुगडुगतो, घाबरू नका. चौकोन कोपऱ्यात दुमडतो, त्रिकोण दुमडत नाही, म्हणून बाजूच्या चारही चौकोनांत फुलीसारखा दोरा ताणून बांधा. वरच्या आणि खालच्या चौकोनात दोऱ्याऐवजी एकेक तिरपी कामटी बांधा. वरच्या कामटीला बल्बचा होल्डर अडकतो. मग सांगाडा दगडासारखा घट्ट होतो. उंची साधारण १३ इंच भरते.

कागद पतंगाचा. वर-खाली मोकळं ठेवायचं, बाजूचे चार चौकोन एका रंगाचे, आठ त्रिकोण दुसऱ्या. चिकटवायला खळ : दोन चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवा, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. मोठी माणसं त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, घरात लहान मूल असेल तर अजिबात घालू नका. एका दिवाळीपुरती साधी खळ पुरते.

कागद लावल्यावर सुरकुत्या पडल्या तर बोटांनी पाण्याचा हलकासा शिपका मारा आणि वाळू द्या, ताणला जातो. कोपऱ्यांना कागदाच्या करंज्या, खाली झिरमिळ्यांची शेपटी. आत ७ किंवा ९ वॉटचा एलईडी लावा. आम्ही लहानपणी ६० वॉटचा पिवळा दिवा लावायचो, कागद तापून करपायचा. ९ वॉटचा एलईडी जवळपास तेवढाच उजेड देतो आणि फारसा तापत नाही.

सांगाडा आत्ता बांधून ठेवा, कागद मात्र परतीचा पाऊस गेल्यावरच लावा. दिवाळी संपली की कागद काढून टाका, सांगाडा माळ्यावर. पुढच्या वर्षी नुसता कागद आणायचा.

---

ऐरोलीची_स | आश्विन वद्य एकादशी, रात्री ११.००

झाला! कामट्या, कागद, दोरा आणि एलईडी मिळून २१० रुपये. नवरा पहिल्यांदाच कामटीला हात लावणार होता, तरी सहाही चौकोन त्यानंच बांधले. आठवा त्रिकोण उभा राहिला तेव्हा आम्ही दोघं एकदमच ओरडलो. खिळा लागलाच नाही, खिडकीच्या ग्रिलला टांगलाय, बाहेरून पिवळा-गुलाबी दिसतो.

मघाशी घरमालक भाडं न्यायला आले होते. खालूनच बघत होते म्हणे. वर येऊन विचारलं, कुणी बांधला? मग म्हणाले, त्यांच्या नातवंडांसाठी एक करून द्याल का. कामट्यांचं माप लिहून दिलंय, रविवारी इथेच बांधायला बसणार आहोत.

चाळकरी काका, १३ ऐवजी दीडपट मोठा हवा असेल तर कामट्या १३-१४ इंचीच घ्यायच्या ना? जाडी वाढवावी लागेल का?

---

चाळकरी_नौपाडा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.०५

साडेतेरा घ्या. जाडी थोडी वाढवा, नाहीतर मधे वाकतात, आणि दोऱ्याची फुली दुहेरी बांधा. रविवारी बांधून झाला की फोटो टाका.